सोमवारची पळी

चिन्मय आणि रेवा,

गेल्या महिन्यात फोनवर चिन्मयनं सहज सांगितलं की त्याची जुनी गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. तिकडे परदेशात म्हणे गाडीच्या मागच्या नळीला यंत्र लावतात, यंत्र आकडा दाखवतं आणि आकडा जास्त आला की गाडीचा परवाना अडतो. गॅरेजवाल्यानं इंजिनच उघडायला सांगितलंय, तेव्हा शनिवार-रविवारी घरीच काही जमतंय का ते तो बघणार होता. मग हसून म्हणाला, "पण आजी, तुला यातलं काय सांगतोय मी."

मी फोन ठेवला आणि कपाटातली एक जुनी वही काढून टेबलावर ठेवली. ती दोन दिवस तशीच पडून होती. आपल्या भागातल्या एका दिवाळी अंकाचे संपादक बरेच दिवस माझ्यामागे लागले होते की नोकरीतले अनुभव लिहा. त्यांना मी कळवलं, लिहीन, पण नातवंडांना उद्देशून लिहीन. चालत असेल तर छापा. तेव्हा इतर वाचकांनी हे दुसऱ्याच्या घरचं पत्र समजून वाचावं. तुम्हा दोघांना इंग्रजी सोपं गेलं असतं आणि मला ते येतंही. पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नव्हती, आणि माझ्या हातून जी चूक झाली तिच्यात मला इंग्रजी येत असल्याचा बराच वाटा होता. म्हणून मराठीत लिहिते. सावकाश वाचा.

मी रिसोडला एका धर्मादाय प्रसूतिगृहाची व्यवस्थापिका होते. तुमच्या आजोबांची तिथल्या हायस्कुलात बदली झाली, त्यांच्यामागून मी गेले. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. गावातल्या एका जैन शेठजींनी आपल्या आईच्या नावानं दहा खाटांचं ते प्रसूतिगृह काढलं होतं. डॉक्टरीणबाई आणि सिस्टर बाळंतपणं करायच्या. बाकीचं सगळं माझ्याकडे होतं. चादरी किती, कापूस कधी संपतो, कोणती भांडी किती वेळ उकळायची, सरकारी कचेरीला इंग्रजी पत्र कसं घालायचं. मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय होती आणि ती भिंतीवर लावायचीही. सिस्टर म्हणायच्या, बाईंनी श्वास घ्यायची यादी तेवढी लावायची ठेवली आहे.

यातच जीपही माझ्याकडे आली. लष्कराच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप होती. तिच्यामागे पत्र्याची बंद पेटी बसवून शेठजींनी तिची रुग्णवाहिका केली होती. आसपासच्या खेड्यांत बाई अडली की कोणीतरी सायकलवर निरोप घेऊन येई आणि जीप निघे. केनवडच्या वाटेवर एका नाल्यात एक पोरगी जीपमध्येच जन्मली होती. तिच्या आजीनं तिचं नाव मोटरबाई ठेवलं. बारशाला वेगळं नाव ठेवलं गेलं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

ड्रायव्हर होता शेषराव. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं किडकिडीत, कमी बोलणारा. मराठी चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर मोठं आणि सुटं सुटं काढायचा, एकेक अक्षर जणू स्वतंत्रपणे उचलून ठेवल्यासारखं.

जीपबरोबर लष्कराचं एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, गाडीची निगा आणि दुरुस्ती यांबद्दलचं. गावात ते उघडून वाचणारी मी एकटीच. गाडी चालवायला मला येत नव्हती, तरी पुस्तक वाचल्यामुळे गाडी मला कळते असं मला वाटू लागलं होतं. मी पुस्तकावरून यादी केली. दर सोमवारी करायची कामं: पहिलं, रेडिएटरमध्ये पाणी. दुसरं, बॅटरीचं पाणी. तिसरं, चाकांत हवा. चौथं, हवेच्या डब्यात एक पळी तेल.

हे चौथं काम समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवा लागते. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती आत गेली तर इंजिन झिजून जाईल. म्हणून त्या जीपला एक डबा असायचा. त्याच्या तळाशी एका वाटीत तेल. बाहेरची हवा त्या तेलावरून जायची, धूळ तेलात अडकायची आणि स्वच्छ हवा पुढे जायची. पुस्तकात लिहिलं होतं की तेलाची पातळी बघत राहावी आणि धुळीच्या मुलखात तर वारंवार लक्ष द्यावं. मी विचार केला, धुळीच्या बाबतीत आपल्याइतका मुलूख कुठला असणार? सोमवारची एक पळी ठरवून टाकली. स्वयंपाकघरातली एक पितळी पळी मी त्या कामासाठी देऊनही टाकली. रोज संध्याकाळी समईत तेल घालणारी बाई मी. दिव्यात तेल कमी होतं, घालावं लागतं. तसंच हे.

शेषरावनं प्रत्येक कामापुढे वहीत सही करायची आणि शेवटी खाली मी सही करायची, असा नियम होता.

आता पासिंगबद्दल सांगते. रुग्णवाहिका भाड्याच्या गाड्यांसारखीच दरवर्षी सरकारी इन्स्पेक्टरला दाखवावी लागे. त्याला सगळे पासिंग म्हणत. तो इन्स्पेक्टर अकोल्याहून वाशिमला कॅम्पला यायचा. ब्रेक, भोंगा, दिवे बघायचा आणि धूर. यंत्र वगैरे काही नव्हतं. डोळे, नाक आणि रुमाल. पासिंग झालं नाही तर गाडी रस्त्यावर काढता येत नसे.

त्या वर्षी पेट्रोल एकदम महागलं होतं. स्टँडवरच्या भाड्याच्या जीपवाल्यांपैकी काही जण पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळतात अशी बोलवा होती, आणि त्या गाड्या लांबूनच वासावरून ओळखू यायच्या. संक्रांतीनंतर आमची जीपही धूर सोडू लागली. आधी थोडा, मग इतका की ती वळणावरून गेली तरी ढग मागे उभा राहायचा. पेट्रोलही लवकर संपायला लागलं. मी दोन्ही गोष्टी वहीत टिपल्या. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही.

कॅम्पला मी स्वतः गेले. इन्स्पेक्टर साहेब बुटके, पांढऱ्या कपड्यांतले, शांत आवाजात बोलणारे होते. शेषरावनं जीप चालू केली. साहेब दोन पावलं मागे सरकले.

"बाई, ही रुग्णवाहिका आहे की गुऱ्हाळ?"

मी म्हटलं, "जुनी गाडी आहे साहेब, पण तिची निगा नियमानं ठेवली जाते. वही आहे."

"वही धूर सोडत नाही ना?" असं म्हणून त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि मागच्या नळीसमोर धरला. थोड्या वेळानं माझ्या हातात दिला. त्यावर तेलकट काळे ठिपके होते. "हा ठेवा तुमच्याकडे. पुढच्या कॅम्पला दुसरा लावतो. तोवर गाडी उभी ठेवा."

 प्रसूतिगृहाच्या आवारात पोचल्यावर, उतरता उतरता मला सीटखाली बाटली दिसली. वास घेतला. रॉकेल.

आवारात कडुनिंबाखाली बाळंतिणींचे नातेवाईक बसलेले होते. सिस्टर दारात उभ्या होत्या. मी तिथेच विचारलं, "शेषराव, पेट्रोल जातं कुठे?"

"गाडीतच जाते बाई."

"आणि हे काय आहे?"

"घासलेट हाये. हात धुवाले. ग्रीस साबनानं निघत नाई."

"स्टँडवरचे जीपवाले काय करतात ते मला माहीत आहे."

तो म्हणाला, "मी स्टँडवर नसतो बाई."

"किल्ली इथे ठेव. पासिंग होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली. चोर हा शब्द मी उच्चारला नाही, याचं मला त्या दिवशी समाधानही वाटलं होतं. पण कडुनिंबाखाली बसलेल्यांना तो ऐकू गेला होता, आणि संध्याकाळपर्यंत बाजारापर्यंत पोचला होता.

शेठजींना मी रीतसर कळवलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता म्हणजे तसंच असणार. पुढच्या कॅम्पला गाडी पास झाली तर पाहू. नाही झाली तर गाडी काढून टाकू आणि शेषरावलाही सुट्टी." पेट्रोल विकून रॉकेल भरणारा ड्रायव्हर म्हटल्यावर दुसरा कोणी त्याला गाडी देणार नव्हता. शेती नव्हती. बावीस वर्षं त्यानं फक्त गाडी चालवली होती. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मला वाटत होतं, चूक त्यानं केली, मी काय करू?

गावात एकच चांगला कारागीर होता, हबीब मिस्त्री. वाशिम रस्त्यावर त्याचं दुकान. त्यानं आधी धुराचा रंग बघितला. धुराचे रंग मी त्याच्याकडूनच शिकले, चिन्मय, तुलाही उपयोगी पडतील. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरा म्हणजे पाणी. निळसर म्हणजे तेल जळतंय. आमचा निळसर होता आणि त्यात काळाही मिसळलेला.

"तेल जळून राह्यलं बाई," हबीब म्हणाला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. इंजन उतरवनं पडेल. सामान अकोल्याहून. वीस-पंचवीस दिवस धरा."

कॅम्पला बारा दिवस उरले होते.

"रॉकेलमुळे असं होतं का?" मी विचारलं.

"रॉकेलचा धूर अलग ऱ्हायते, त्याचा वास मले नाकात कयते. पन आता लोक काय काय टाकतात, अल्लाले माहीत." तो थांबला. "शेषरावभाऊनं टाकलं असंल असं मले नाई वाटत."

"तुम्ही धूर बघा मिस्त्री," मी म्हटलं.

इंजिन उतरवायच्या आधी आपण पुस्तकाप्रमाणे एकेक गोष्ट तपासू, असं मी ठरवलं. मिस्त्रीच्या दुकानात सारखी गिऱ्हाइकं यायची, म्हणून जीप ढकलत आमच्या घरच्या अंगणात आणली. दुपारच्या जेवणानंतर हबीब यायचा. मी खुर्चीवर पुस्तक घेऊन बसायची, वाचायची, मराठीत सांगायची आणि तो हात चालवायचा. तुमचे आजोबा शाळेतून आले की दाराशी उभे राहून बघत आणि म्हणत, "आज कोणता धडा?" अंगणात चहाचे कप आणि नटबोल्ट सोडवायचे पाने एका ताटात असायचे.

शेषराव रोज यायचा. गाडीला हात लावायचा नाही. पायरीवर बसायचा.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "तुझं काय काम आहे इथे?"

"काम नाई. गाडी तुमची असंल, पन तिचा आवाज मले कयते. बसतो."

हबीब त्याला चिडवायचा. "शेषरावभाऊ, सासरवाडीले आल्यासारखे बसून राह्यले तुमी. चहा घेता का?"

"घ्या म्हनलं तर घेतो."

मी चहा दिला. कपबशी पायरीवर ठेवून तो बशीतून प्यायला. मला ते अवघड झालं होतं आणि अवघड झाल्याचा मला रागही येत होता.

प्लग काढले. काळे आणि तेलानं ओले. "बघा," हबीब म्हणाला, "मी म्हनलं होतं." मग पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब मोजावा. मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. हबीबनं त्यावर आपला उपाय काढला. प्लगच्या भोकावर त्यानं अंगठा दाबून धरला आणि पुढून हँडल फिरवायला माणूस हवा होता. मी शेषरावकडे बघितलं नाही. आजोबांनी धोतर खोचून हँडल मारलं. रिंगा धड असतील तर दाब चांगला असतो आणि अंगठा उडतो. एक, दोन, तीन, चारही वेळा हबीबचा अंगठा उडाला. तो अंगठ्याकडे बघत राहिला.

"रिंगा तर जवान हायेत बाई. मग तेल येते कुठून?"

पुस्तकात निळ्या धुराच्या कारणांचा तक्ता होता. मी मोठ्यानं वाचला. एक, झिजलेल्या रिंगा. दोन, झिजलेले व्हॉल्व्ह. तीन, इंजिनात तेल जास्त भरलेलं असणं. व्हॉल्व्ह बघायला दोन दिवस गेले. ते ठीक होते. इंजिनातलं तेल काठीवर मोजलं, तेही ठीक होतं.

त्याच दिवसांत केनवडकडून एक बाई बैलगाडीतून आली. सकाळी निघालेली गाडी ऊन उतरल्यावर पोचली. डॉक्टरीणबाईंनी तिला आणि बाळाला दोघांना वाचवलं. बाहेर आल्यावर त्या मला इतकंच म्हणाल्या, "अजून थोडा वेळ झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." मी रजिस्टरमध्ये तिची नोंद केली आणि ती कशी आली, या रकान्यात 'बैलगाडी' लिहिलं.

दुसऱ्या दुपारी हबीब हात पुसत म्हणाला, "बाई, आता मात्र इंजन उतरवाच." मी पुस्तक मिटत होते. तेव्हा पायरीवरून शेषराव बोलला. इतक्या दिवसांत त्यानं स्वतःहून काढलेला पहिला शब्द.

"बाई, त्या तक्त्यात खाली अजून काई लिवलं हाये का?"

मी पान उघडलं. लिहिलेलं होतं. चौथी ओळ. तीनदा तो तक्ता वाचताना मी ती ओळ प्रत्येक वेळी सोडून दिली होती. मुद्दाम नव्हे. डोळा तिथे पोचे आणि मन म्हणे, हे तर आपण दर सोमवारी बघतोच. त्या ओळीत लिहिलं होतं: हवेच्या डब्यात, वाटीवरच्या खुणेपेक्षा जास्त तेल असणं.

मी वाचलं.  हबीबनं डब्याची कळ सोडवली आणि खालची वाटी दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून जपत, बाहेर काढली. तेल अगदी काठापर्यंत होतं. ओतलं तर खाली बोटभर चिखल, मळलेल्या काळ्या मातीसारखा. तेलाची खूण त्या चिखलाच्या थोडीच वर होती. त्या डब्यात तेल जळत नाही, मुलांनो. ते नुसतं बसून असतं, धूळ धरत. त्यात भर घालायची नसते, मधूनमधून वाटी धुऊन, खुणेपर्यंत ताजं तेल भरायचं असतं. मी त्याला समई समजले होते. दर सोमवारी जादा घातलेलं तेल इंजिन श्वासाबरोबर ओढून घेत होतं, म्हणून निळा धूर. चिखलानं हवा अडत होती, म्हणून काळा धूर, आणि म्हणून पेट्रोलही जास्त जात होतं.

हबीब वाटीकडे बघून म्हणाला, "सरबत पाजलं बाई इंजनाले."

मी शेषरावला विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

"सांगतलं होतं बाई एक खेप. तुमी म्हनलं, यादीत हाये ना, मंग टाक."

"मला आठवत नाही."

"लिवलं बी हाये."

मी आत जाऊन वही आणली. पानं उलटत गेले. दर सोमवारी चारही कामांपुढे त्याची सही, एकेक अक्षर सुटं. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, चौथ्या कामापुढे, सहीच्या शेजारी पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेले होते: भरून हाये. आणि त्या पानाच्या तळाशी माझी इंग्रजी सही, तारखेसकट. मी ती न वाचता केली होती. पुढच्या सोमवारी फक्त त्याची सही होती, शब्द नव्हते. एकदा लिहून बघितलं, बाईंनी खाली सही केली आणि यादी तशीच ठेवली, म्हणजे बाईंना मान्य नाही, असंच त्यानं समजायचं ना?

त्या रात्री मी त्याला एक पत्र लिहिलं. मराठीत, नीट परिच्छेद पाडून. झालेली चूक, तिची कारणं, माझी जबाबदारी, दिलगिरी. सकाळी तो आला तेव्हा पत्र पुढे केलं. त्यानं ते घेतलं नाही.

"कागद नोका देऊ बाई. कागदानंच झालं हे."

"मग काय करू?"

"जिथं बोलल्या तिथं बोला. तोंडानं."

मी म्हटलं, "तिथे लोक असतात शेषराव."

"तवा बी व्हते."

मी त्याच्याबरोबर प्रसूतिगृहात गेले. कडुनिंबाखाली त्या दिवशी दुसरीच माणसं बसलेली होती. मी सिस्टरांना आणि डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलावलं, आणि त्या माणसांनाही म्हटलं, जरा ऐका. मग सांगितलं की गाडीतला दोष माझ्या यादीमुळे झाला, शेषरावनं मला तो लिहून सांगितला होता, मी वाचला नाही, आणि वर त्याच्यावर आळ घेतला. त्यानं रॉकेल टाकलेलं नाही, पेट्रोल विकलेलं नाही.  एक म्हातारी, नातीच्या बाळंतपणाला आलेली, शेजारच्या बाईला विचारत होती, "काय झालं ओ? काय म्हनते ह्या?" शेजारची म्हणाली, "बाई चुकली म्हनते." म्हातारी म्हणाली, "होते तसं." आणि पुन्हा तंबाखू चोळू लागली.

शेठजींकडेही वही घेऊन गेले. त्यांनी पेन्सिलीचे शब्द वाचले, खालची सही बघितली आणि वही मिटली. मला वाटलं, आता माझी नोकरी जाते. मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही दर महिन्याला अहवाल देता, त्यावर मी सही करतो. मीही कधी वाचला नाही." आणि शेषरावला बोलावून किल्ली त्यांनी स्वतः त्याच्या हातात दिली.

वाटी धुतली, खुणेपर्यंत ताजं तेल भरलं. प्लग, कार्ब्युरेटर, मागची नळी हबीबनं घासून साफ केली. आत साचलेलं तेल जळून जायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन दिवस अंगणात उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवलं. धूर तसाच. मला झोप नव्हती. शेषराव इंजिनाजवळ कान देऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "होते बाई. दम धरा. मोकळी होऊन राह्यली." कॅम्पच्या दिवशी वाशिमला पोचेपर्यंत मी काचेतून मागे बघत होते. रस्ता दिसत होता. त्याआधी कित्येक महिने मागे वळून बघितलं की रस्ता दिसलेलाच नव्हता.

साहेबांनी ओळखलं. नवा रुमाल काढला, नळीसमोर धरला, उजेडात उलटसुलट केला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"काय होतं?"

शेषराव म्हणाला, "आमच्या हातून तेल जास्त पडलं होतं साहेब."

मी म्हटलं, "आमच्या नाही. माझ्या."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कागदावर शिक्का मारला. मग म्हणाले, "माझा पहिला रुमाल?" मी तो धुऊन, इस्त्री करून नेला होता. ठिपके गेले नव्हते. ते म्हणाले, "राहू द्या मग."

त्यानंतर सहा-सात वर्षं ती जीप चालली. शेषराव चालवत होता. मी यादी फाडली नाही, चौथं काम बदललं: वाटी काढून बघणे, शेषरावला विचारणे. त्यानं माझ्याशी कधी मनात राग ठेवून बोललेलं मला आठवत नाही. पण त्या वहीत त्यानं सहीखेरीज पुन्हा एक अक्षरही लिहिलं नाही. जे सांगायचं ते समोर उभा राहून सांगायचा, आणि मी ऐकलं की नाही हे बघूनच जायचा. मला ते तेव्हा बरं वाटायचं. आता वाटतं, एका माणसाचा लिहिण्यावरचा विश्वास माझ्या सहीनं उडाला, आणि तो मला परत देता आला नाही.

चिन्मय, तुझ्या गाडीत असला तेलाचा डबा नसेल, आता कागदाची जाळी असते असं ऐकते. तरी इंजिन उघडायच्या आधी धुराचा रंग बघ. मग तू स्वतः निगा म्हणून तिला काय काय करतोस ते एका कागदावर लिही आणि तो कागद आधी तपास. कोणी गाडीबद्दल काही म्हटलं असेल, तर तेही आठवून बघ.

जीप भंगारात गेली. प्रसूतिगृहाच्या जागी आता दुसरी इमारत आहे. हबीब मिस्त्रीचं दुकान त्याचे नातू चालवतात असं कळलं. शेषराव जाऊन बरीच वर्षं झाली. पितळी पळी त्याच्या घरी गेली होती, ती आता कुठे आहे मला माहीत नाही. वही माझ्याकडे आहे. ते पान पिवळं पडलंय, माझ्या सहीची शाई फिकी झाली आहे. पेन्सिलीचे दोन शब्द मात्र चष्म्याशिवायही वाचता येतात.